हरवलेल्यांचे मृतदेह 'दिसतात' म्हणणारे शोधक आणि त्यांचं रोजचं आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस गेलं ते परत आलं नाही, की चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, "अमक्या गावात एक जण आहेत, त्यांना दिसतं. एकदा विचारून तर बघा." महाराष्ट्रात हे होतं तसंच हॉलंडमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही झालं आहे. तिथे अशा माणसांची चरित्रं लिहिली गेली, त्यांच्या दाव्यांची छाननी झाली, न्यायालयात निकालही लागले. त्यामुळे या विषयावर बोलायला तिकडची उदाहरणं हाताशी भरपूर आहेत. मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

हे लोक नेमकं करतात तरी काय?

हरवलेल्या माणसाचा फोटो, कपडा, घड्याळ किंवा नुसतं नाव घेतात आणि डोळ्यांपुढे काय येतं ते सांगतात. कुणी वस्तू हातात धरून सांगतो, कुणी नकाशावर लोलक फिरवतो, कुणाला स्वप्नं पडतात. सांगणं बहुतेक तुकड्यातुकड्यांचं असतं: पाणी, एखादा पूल, पिवळ्या रंगाचं काहीतरी, एखादा आकडा, नावातलं एखादं अक्षर. सलग पत्ता क्वचितच मिळतो.

यातलं सगळ्यात मोठं नाव कुणाचं?

हॉलंडच्या जेरार्ड क्रॉइसेट यांचं (१९०९–१९८०). अतींद्रिय शोधकांमधले मोझार्ट (युरोपातले थोर संगीतकार) अशी त्यांची ख्याती झाली. आधी त्यांचं किराणा दुकान होतं, ते बुडालं. पुढे हात ठेवून बरं करणारे म्हणून त्यांचं नाव झालं आणि उट्रेख्ट विद्यापीठातले परामानसशास्त्राचे (अतींद्रिय अनुभवांच्या अभ्यासाचे) प्राध्यापक विल्हेल्म टेनहाफ यांनी त्यांना हाताशी धरलं. एका विद्यापीठाचा प्राध्यापक पाठीशी उभा आहे म्हटल्यावर पोलीस, वर्तमानपत्रं, परदेशातली हवालदिल कुटुंबं, सगळ्यांचीच पावलं उट्रेख्टकडे वळली.

त्यांचा दिवस कसा जायचा?

चमत्कारांच्या गोष्टींत दिसतो तसा मुळीच नाही. दिवसाचा मोठा भाग दवाखान्यासारख्या खोलीत जायचा. रांगेत बसलेले रुग्ण एकामागून एक आत यायचे, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ. हरवलेल्या माणसांची कामं यातच अधूनमधून यायची, तीही बहुधा फोनवर. पलीकडे एखादी आई किंवा पोलीस अधिकारी असे. क्रॉइसेट बोलत, मधेच प्रश्न विचारत, कागदावर रस्ता, कालवा, वळण असं काढत.

बुडालेली मुलं हा त्यांचा खास प्रांत मानला जाई. लहानपणी आपणही बुडता बुडता वाचलो, म्हणून बुडालेलं मूल आपल्याला लगेच जाणवतं, असं ते म्हणत. त्यांच्या या म्हणण्यात खोटेपणा होता असं मला वाटत नाही. पण हॉलंड हा कालव्यांचा देश आहे. घराच्या दारातून चार पावलं टाकली की पाणी. अशा देशात खेळायला गेलेलं लहान मूल संध्याकाळी परतलं नाही, तर पहिली शंका कुणालाही पाण्याचीच येईल.

ते पैसे घ्यायचे का?

हरवलेल्यांच्या शोधासाठी क्रॉइसेट पैसे घेत नसत. अमेरिकेतल्या डोरोथी ॲलिसनही फी घेत नसत. "पैसे घेत नाही, म्हणजे खरा असणार" हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे. पैसे न घेण्यावरून माणसाचा हेतू कळतो. त्याला दिसलेली जागा बरोबर आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

या डोरोथी ॲलिसन कोण?

न्यू जर्सीतल्या नटली गावच्या एक गृहिणी. नवरा, मुलं, स्वयंपाकघर असा संसार. १९६७ च्या डिसेंबरात त्यांना स्वप्न पडलं: एक लहान मुलगा पाण्यात, नळासारख्या कशात तरी अडकलेला. गावातला एक पाच वर्षांचा मुलगा तेव्हा बेपत्ता होता. त्या पोलिसांकडे गेल्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्या मुलाचा मृतदेह पाण्यात सापडला आणि त्या दिवसापासून त्यांचं आयुष्य बदललं. दारात पोलिसांच्या गाड्या येऊ लागल्या, लांबलांबच्या राज्यांतून फोन येऊ लागले. वृत्तपत्रसम्राटाची नात पॅट्रिशिया हर्स्ट हिचं अपहरण, शिकागोतल्या जॉन वेन गेसी या साखळी खुन्याचं प्रकरण, अशा गाजलेल्या तपासांत त्यांचं नाव येत राहिलं.

१९८० मध्ये त्या अटलांटाला गेल्या. तिथे एकामागून एक कृष्णवर्णीय मुलं मारली जात होती आणि शहर घाबरून गेलं होतं. त्यांनी पोलिसांना खुन्याची म्हणून ४२ नावं दिली. एका खुन्यासाठी ४२ नावं! तपास अधिकाऱ्याने त्यातलं प्रत्येक नाव पडताळायचं ठरवलं, तर खऱ्या धाग्यांमागे जायला त्याच्याकडे माणसं उरतील का?

क्रॉइसेट यांच्या शब्दावर कुणी कधी खोदकाम केलं आहे का?

केलं आहे, आणि ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२६ जानेवारी १९६६. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये सुट्टीचा, कडक उन्हाचा दिवस. ब्यूमाँट घरातली तीन भावंडं, नऊ, सात आणि चार वर्षांची, बसने जवळच्या ग्लेनेल्ग समुद्रकिनाऱ्यावर गेली. दुपारी परत यायची होती, ती आलीच नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या शोधमोहिमांपैकी एक झाली आणि हाती काही लागलं नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रॉइसेट यांना विमानाने ॲडलेडला आणलं गेलं. पत्रकारांचा ताफा त्यांच्या मागे. ते इकडे तिकडे फिरले, सांगितलेल्या जागा बदलल्या, आणि शेवटी परिंगा पार्क भागातल्या एका गोदामाकडे बोट दाखवलं. मुलं नाहीशी झाली तेव्हा तिथे बांधकाम चालू होतं. मुलं या काँक्रीटखाली आहेत, असं त्यांनी सांगितलं.

मालक आपली इमारत फोडू द्यायला तयार नव्हते. पण लोकांना राहवेना. वर्गणी सुरू झाली आणि ४०,००० डॉलर गोळा झाले, १९६० च्या दशकातले डॉलर. अखेर फरशी फोडली, माती उपसली. खाली काहीही नव्हतं. तरीही शंका गेली नाही. १९९६ मध्ये इमारतीचा काही भाग पाडला जात होता, तेव्हा तीच जागा पुन्हा शोधली. तेव्हाही काही मिळालं नाही.

म्हणजे एका पाहुण्याने बोट दाखवलेली जागा तीस वर्षं लोकांच्या मनातून हलली नाही. मुलांची आई २०१९ मध्ये वारली, वडील २०२३ मध्ये. तोवर मुलांचं काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सलते ती ही गोष्ट: तीस वर्षं त्या आईबापांना त्या गोदामाचं नाव ऐकत राहावं लागलं.

पण कधीकधी बरोबर निघतं, त्याचं काय?

निघतं. १९७६ मध्ये क्रॉइसेट एका टीव्ही कार्यक्रमासाठी जपानला गेले असताना त्यांच्या सांगण्यावरून चिबा भागातल्या एका हरवलेल्या मुलीचा मृतदेह जलाशयात सापडला. त्यांच्या समर्थकांकडचं हे सगळ्यात जोरदार उदाहरण आहे आणि ते लपवून ठेवण्याचं काही कारण नाही. पण सोबत हेही पाहायला हवं की तो जलाशय मुलीच्या घराच्याच परिसरातला होता, आणि हरवलेलं मूल पाण्यात असेल असं सांगणं हा क्रॉइसेट यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. हॉलंडमध्ये कालवा, जपानमध्ये जलाशय.

बाकीच्या बहुतेक "बरोबर" गोष्टी मागाहून जुळवलेल्या असतात. हे कसं होतं ते आपल्याच मुलखात करून पाहा. समजा कुणी सांगितलं, "पाणी दिसतंय, उतार आहे, बाभळीचं झाड आहे, लांबून देवळाचा कळस दिसतो, आणि सात हा आकडा येतोय." आता मृतदेह विहिरीत सापडू दे, कॅनॉलमध्ये सापडू दे, नाहीतर ओढ्याच्या काठाला. देऊळ दिसणारच, बाभूळ असणारच. सात आकडा सात किलोमीटरवर बसेल, सातव्या दिवसावर बसेल, गट क्रमांकातही बसेल. जे जुळलं ते घरचे आयुष्यभर सांगतात. जे जुळलं नाही ते कुणाच्या लक्षातही राहत नाही, कारण मृतदेह सापडल्याच्या दिवशी कोण वही काढून ताळा करत बसेल?

आणि एक महत्त्वाची गोष्ट. सांगितल्यावर मृतदेह सापडला आणि सांगितल्यामुळे सापडला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळदा मृतदेह सापडतो तो मासे धरणाऱ्याला, गुराख्याला, सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला. शोधकाचे शब्द मग त्या जागेवर आणून बसवले जातात.

प्राध्यापक टेनहाफ यांनी तर सगळ्याच्या नोंदी ठेवल्या होत्या ना?

तसं त्यांचं म्हणणं होतं. पीत हाइन हूबेन्स या डच पत्रकाराने त्या नोंदींचा माग काढला. टेनहाफ यांनी छापलेली प्रकरणं घेऊन ते थेट त्या त्या पोलिसांकडे गेले. जाळपोळीच्या एका प्रकरणात तपास अधिकाऱ्याने त्यांना जी हकीकत सांगितली, ती टेनहाफ यांच्या छापील वर्णनाशी जुळेना. क्रॉइसेट यांनी आधी सांगितल्याचं जे छापलं होतं, ते प्रत्यक्ष तसं घडलंच नव्हतं. हूबेन्स यांनी हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलं. या 'मोझार्ट'च्या कीर्तीचा बराचसा भाग टेनहाफ यांनीच रचला होता, हे त्यातून पुढे आलं.

शास्त्रीय चाचणी कुणी घेतली आहे का?

घेतली आहे, एकदा नाही, अनेकदा. लॉस एंजेलिस पोलिसांच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अशा १२ जणांना चार गुन्ह्यांतल्या वस्तू दिल्या, त्यातल्या काही गुन्ह्यांचा छडा लागलेला होता. तपासाला उपयोगी पडेल असं काही हाती आलं नाही. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तीन अतींद्रिय शोधक आणि तीन विद्यार्थी या दोन्ही गटांना गुन्ह्यांतल्या एकसारख्याच वस्तू दिल्या. शोधकांची कामगिरी विद्यार्थ्यांपेक्षा सरस निघाली नाही. अतींद्रिय शक्ती चाचणीत सिद्ध करून दाखवणाऱ्यासाठी जेम्स रँडी यांनी ठेवलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस २०१५ मध्ये बंद झालं तोवर कुणालाही मिळालं नव्हतं.

मग पोलीस तरी त्यांचं का ऐकतात?

बहुतेकदा घरच्यांच्या समाधानासाठी. आई समोर उभी राहून म्हणते, "साहेब, तेवढी एक विहीर बघा." एक विहीर बघायला तासभर लागतो आणि नाही म्हटलं तर ती जन्मभर विसरणार नाही. त्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. शिवाय आलेली कुठलीही माहिती नोंदवायची ही तपासाची पद्धतच आहे. ज्याला "दिसलं" त्याने प्रत्यक्षात काही पाहिलेलं असू शकतं आणि उघड सांगायला तो घाबरत असू शकतो.

कुणी अगदी अचूक जागा सांगितली तर?

तर तो आधी संशयित ठरतो. डिसेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक परिचारिका बेपत्ता होती. लॉकहीड कंपनीत काम करणाऱ्या एका बाईने रेडिओवर बातमी ऐकली आणि तिला एका दरीतली जागा दिसली. तिने पोलिसांना सांगितलं, मग स्वतःच गाडी काढून तिथे गेली. मृतदेह तिथे होता. पोलिसांनी तिलाच अटक केली आणि चार दिवस कोठडीत ठेवलं. खरे गुन्हेगार दुसरेच निघाले. तिने शहरावर दावा लावला आणि १९८७ मध्ये तिला २६,१८४ डॉलर भरपाई मिळाली. तिला ती जागा कशी सुचली हे कोडंच आहे. पण पोलिसांच्या जागी उभं राहून पाहिलं, तर खुनाच्या जागेची पक्की माहिती असलेल्या माणसाला "तुम्हाला कसं कळलं?" हे विचारावंच लागतं.

हे सगळे लबाड असतात का?

नाही. काही ठरवून फसवणारे असतात, पण पुष्कळांना मनापासून वाटतं की आपल्याला दिसतं. कल्पना करा: रात्री-अपरात्री फोन वाजतो, पलीकडे रडणारा बाप, आणि तुम्ही काहीतरी सांगितलंच पाहिजे. "मला काही दिसत नाही" म्हणायला धीर लागतो. लोक कृतज्ञतेने हात जोडतात, बरोबर निघालेल्या गोष्टी येऊन सांगतात, चुकलेल्या सांगायला कुणी येत नाही. वर्षानुवर्षं कानावर फक्त होकारच पडला, तर कुणाचाही स्वतःवर विश्वास बसेल. घरच्यांनाही हे भोगावं लागतं: जेवणाच्या टेबलावर मृत्यूच्या गोष्टी, दारात अनोळखी माणसं. क्रॉइसेट यांचा मुलगाही पुढे याच वाटेला गेला.

म्हणून मी या माणसांची टवाळी करत नाही. पण त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत हरवलेल्याचं कुटुंब मोजत असतं, आणि मला बाजू घ्यायची आहे ती कुटुंबाची.

"तो आता नाही" असं सांगितलं आणि माणूस जिवंत असला तर?

असं झालं आहे. सिल्विया ब्राउन या 'आपल्याला दिसतं' म्हणणाऱ्या, अमेरिकी टीव्हीवरच्या प्रसिद्ध बाई. २००४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका आईने त्यांना आपल्या बेपत्ता मुलीबद्दल विचारलं. उत्तर मिळालं की मुलगी जिवंत नाही. ती आई २००६ मध्ये वारली. मुलगी ६ मे २०१३ रोजी त्याच शहरातल्या एका घरातून निसटून बाहेर आली. दहा वर्षं तिला डांबून ठेवलेलं होतं. त्याआधी मिझूरीतल्या एका मुलाच्या आईवडिलांनाही ब्राउन यांनी तो मेल्याचं सांगितलं होतं. तो २००७ मध्ये जिवंत सापडला.

२०१० मध्ये दोन अभ्यासकांनी ब्राउन यांची हरवलेल्या माणसांची आणि खुनांची ११५ प्रकरणं तपासली. एकाही प्रकरणात त्यांचं सांगणं मुख्य मुद्द्यावर बरोबर ठरल्याचं आढळलं नाही.

खोदकामात पैसे जातात, ते परत मिळवता येतील. ती आई मुलीची वाट न पाहता गेली, त्याची भरपाई कशानेही होत नाही.

महाराष्ट्रात काय चालतं?

नावं वेगळी, मागणी तीच. कुठे लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखाला काजळी लावून "अंजन" पाहतात, कुठे देवरुषी किंवा भगत प्रश्न पाहतो, कुणाच्या अंगात येतं. कोकणात देवाला कौल लावतात: मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची. कौलाकडे लोक श्रद्धेने जातात आणि त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण "पूर्वेला आहे" असा कौल मिळाला म्हणून पश्चिमेचा शोध थांबवू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

कायद्याचं म्हणाल, तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणं, फसवणं, दहशत बसवणं यासाठी सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. ज्योतिष्याचा नुसता सल्ला मात्र या कायद्यातून वगळलेला आहे. अंजनात कुणाचं तरी नाव निघतं आणि गाव त्या माणसावर धावून जातं, असं झालं तर लगेच पोलिसांत जा. हरवलेल्याच्या दुःखात दुसरं एक घर उद्ध्वस्त होऊ देऊ नका.

मग मृतदेह प्रत्यक्षात सापडतात कसे?

शेवटचं कुठे पाहिलं, ही सगळ्यात मोलाची माहिती. मोबाइलचं शेवटचं लोकेशन, सीसीटीव्ही, बसचा वाहक, चहाची टपरी. पाण्यात बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. आत वायू तयार झाले की वर येतं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांत, थंड खोल पाण्यात कितीतरी उशिरा. म्हणून नदीकाठचे अनुभवी पोहणारे आणि कोळी, भोई मंडळी प्रवाह, डोह, बंधारा पाहून कुठे शोधायचं ते ठरवतात. जमिनीत पुरलेलं असेल तर माती खचलेली दिसते, वरचं गवत आजूबाजूपेक्षा वेगळं वाढतं. मृतदेहाच्या वासावर तयार केलेले कुत्रे असतात. २०२४ च्या वायनाडच्या दरडीत केरळ पोलिसांनी ते वापरले.

आणि हे सगळं करूनही कधीकधी हाती काही लागत नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि शोध थांबवावा लागला. ५७ जण मिळालेच नाहीत, त्यांना मृत घोषित करण्यात आलं. शोधणारे कमी पडले नव्हते. डोंगरच अंगावर आला होता.

आमच्या घरातलं माणूस बेपत्ता आहे आणि एकाने जागा सांगितली आहे. काय करू?

त्याने जे सांगितलं ते शब्दशः लिहून काढा, तारीख-वेळ घाला, आणि तपास अधिकाऱ्याला द्या. स्वतः खोदायला जाऊ नका. खरंच काही असेल तर पुरावा नष्ट होतो. "अजून एक विधी करावा लागेल" हे वाक्य आलं की तिथेच थांबा, पैसे देऊ नका.

मुख्य म्हणजे पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद लगेच करा. २४ तास थांबायचा नियम नाही. बेपत्ता व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला हवा, सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ चे तसे आदेश आहेत. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. अलीकडचा फोटो द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, दातांवरचे उपचार, अंगावरचे दागिने, चपलेचा नंबर, सगळं लिहून द्या. ओळख न पटलेल्या मृतदेहांच्या नोंदी पोलीस ठेवतात आणि त्यांच्याशी जुळणी होते ती अशाच खुणांवरून. आई, वडील किंवा मुलांचा डीएनए नमुना घेण्याबद्दल स्वतःहून विचारा. शेजारच्या जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांच्या शवागारातही चौकशी करायला सांगा, कारण नदी जिल्ह्याची हद्द पाळत नाही.

आणि काहीच सापडलं नाही तर?

सात वर्षं एखाद्याची काहीच खबर नसेल, तर न्यायालय त्याला मृत धरू शकतं. बँक, विमा, जमीन, पेन्शन यांसाठी तो आदेश लागतो. सात वर्षं झाली की दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो. त्यासाठी हरवल्याची मूळ नोंद, पोलिसांचा तपासाचा अहवाल आणि वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जपून ठेवा.